आडवे होणारे साहेब

आमच्या साहेबांना तुम्ही चहाला घरी बोलावलं असतं, तर चहा नक्की गार झाला असता. कारण आल्या आल्या ते चपला काढत, खिशातला रुमाल जमिनीवर पसरत, त्यावर डोकं टेकत आणि तुमच्या बैठकीत सरळ आडवे होत. हात अंगालगत, पाय जुळलेले, नजर छताला. घरातली बाई कप घेऊन दारात आली की तिला वाटे, पाहुणा गेला. मग जमिनीवरून आवाज येई, "वहिनी, तुमचं कपाट चार इंच पुढे आलं आहे. रात्री पाण्याले उठता तेव्हा करंगळीले लागत असंल." आणि लागत असे. नागपुरात अशा निदान दोनशे बायका मी दाखवून देतो, ज्यांनी आधी किंकाळी फोडली आणि दुसऱ्या दिवशी कपाट सरकवलं.

दोनशे जास्त वाटत असतील तर एकशे नव्वद धरा. त्याखाली मी येणार नाही.

साहेब नगररचनेतले. सरकारी नोकरीत आयुष्य घालवून निवृत्त झाले आणि आमच्या खाजगी ऑफिसात मुख्य नियोजक म्हणून आले. ऑफिस लकडगंजात, एका आरा मशीनच्या वरच्या मजल्यावर. खाली सागवान चिरलं जाई आणि भुसा वर येऊन आमच्या नकाशांवर बसे. सकाळी फुंकर न मारता नकाशा पाहिला तर सपाट कॉलनीत टेकड्या दिसत. मी तिथे ड्राफ्ट्समन, म्हणजे साहेबांनी हवेत बोट फिरवायचं आणि मी ते कागदावर आणायचं. साहेबांचा आवाज असा, की ते फोनवर बोलायला लागले की खालचे लोक मशीन बंद करून विचारत, वर कोणाचं भांडण होऊन राहिलं गा?

राहायला ते कामठीला. रोज शेअर ऑटोने येत. तिघांच्या जागेत पाच माणसं बसवतात हे साहेबांना पहिल्याच दिवशी खटकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑटोवाल्याला एक नकाशाच काढून दिला. कोणाचा गुडघा कुठे, कोणाची पिशवी कोणाच्या मांडीवर, सगळं मोजून. नकाशा इतका चोख होता, की तेव्हापासून त्या ऑटोत सहा जण बसतात.

आडवं होण्यामागे त्यांचं शास्त्र होतं. "उभा माणूस खोटं बोलते," ते म्हणत. "उभ्यानं कोणतीही खोली मोठी वाटते. खोलीचं खरं मोजमाप पाठीले कळते." भाचीसाठी स्थळ पाहायला गेले तेव्हा मुलाशी दोन शब्दही न बोलता ते थेट स्वयंपाकघरात जाऊन ओट्याखाली आडवे झाले. मुलाची आई भिंतीला टेकली. साहेबांनी खालूनच निकाल दिला, की या ओट्याशी दोन बाया एका वेळी उभ्या राहू शकत नाहीत, वर्षभरात घर फुटेल. त्या लोकांनी घाबरून भिंत पाडली आणि स्वयंपाकघर वाढवलं. लग्न झालं, टिकलं. सासू-सुनेचं भांडण आता बैठकीत होतं. तिथे जागा आहे.

पण त्यांची खरी मौज फक्कीत होती. खेळाची मैदानं आखतात ती पांढरी फक्की. कोणतीही मोठी वसाहत कागदावर उतरली, की साहेब त्यातला एखादा भाग जमिनीवर खऱ्या मापात फक्कीनं आखायला लावत आणि सगळ्या ऑफिसला तिथे दिवसभर राहायला लावत. दारातून आत यायचं, पॅसेजमधून जायचं, डबा फक्कीच्या स्वयंपाकघरात उघडायचा. विसरून कोणी रेघ ओलांडली की गर्जना होई, "भिंतीतून कुठं चालला बे? भूत आहे का?" एकदा आमचा कारकून फोनवर बोलता बोलता फक्कीच्या संडासात उभा राहिला, तर साहेब बाहेर ताटकळत हवेत टकटक करत होते. तो बाहेर आल्यावरच ते पुढे गेले.

अशा माणसाच्या हाती ठेसनाजवळची ती वसाहत आली.

गावाचं नाव सांगत नाही. पॅसेंजर गाडी थांबते, दूर खापरखेड्याच्या वीजघराच्या चिमण्या दिसतात, एवढ्यावर भागवा. एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला नदी, आणि मध्ये, फलाटाला लागून, तुरीची-कापसाची सपाट वावरं. ती सगळी वावरं आमच्या शेठनी घेतली. शेठ म्हणजे ऑफिसचे मालक, मूळचे लाकडाचे व्यापारी, आता टॉवर बांधणारे. इथे आठ टॉवर उभे राहणार होते. गाडीतून उतरलं की घर, असा त्यांचा हिशेब. जाहिरातीत ठेसन इतकं जवळ दाखवलं होतं, की तिकीट काढल्याशिवाय स्वयंपाकघरात जाता येणार नाही असं वाटे.

जागेची मोजणी मी केली होती. हे आधीच कबूल करून टाकतो. गावातल्या लोकांना मी चार वेळा विचारलं, या वावरांतून कोणता रस्ता जातो का? पांदण? पायवाट? चारही वेळा ते एकमेकांकडे पाहून नाही म्हणाले. धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे बांधाबांधानं, जमीन जरा घट्ट दिसत होती, पण बैल जात असतील असं मी धरून चाललो. वावरांच्या मध्यावर चौरंगाएवढा एक काळा, सपाट दगड होता. तो मी वहीत 'दगड, एक' म्हणून लिहिला. पक्क्या नकाशात तो तीन नंबरच्या टॉवरमध्ये शाईच्या डागासारखा दिसायला लागला, म्हणून खोडला. स्वच्छ काम करायची मला हौस.

फक्की मारायचा दिवस थंडीतला होता. पिकं निघाली होती. आम्ही तीन नंबरच्या टॉवरचा तळमजला आखला, चार फ्लॅट, जिना, लिफ्ट, सगळं. फक्की इतकी लागली, की त्या आठवड्यात कामठीपासून खापरखेड्यापर्यंत एकाही शाळेत कबड्डी झाली नाही. सकाळच्या पॅसेंजरची वाट पाहणारे लोक फलाट सोडून वावरात उतरले. दही विकायला निघालेल्या बाया आल्या, म्हातारे आले. साहेब यजमानासारखे फक्कीच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, या, फ्लॅट पाहून घ्या, फक्त भिंतीतून येऊ नका.

लोक आले. बायांनी रेघेबाहेर चपला काढल्या. एकीनं विचारलं, गाय कितव्या मजल्यावर बांधायची? एक म्हातारा हॉलमध्ये बसून समोरच्या हवेकडे पाहत राहिला, कारण साहेबांनी त्याला सांगितलं होतं की तिथे टीव्ही आहे. मी साहेबांच्या बाजूला उभा राहून मापं लिहीत होतो आणि मनात म्हणत होतो, आज सगळं सुरळीत चाललं आहे.

साहेबांचं मात्र लक्ष एका बेडरूमवर होतं. कोपऱ्यातल्या फ्लॅटची मोठी बेडरूम. तिच्यात शिरणारा प्रत्येक गावकरी भिंतीला चिकटून चालत होता. मधली जागा मोकळी. बाया, म्हातारे, सगळे वळसा घालून जात होते आणि जाताना कोणी बोलत नव्हतं.

"हे काहून असे चालून राहिले गा?" साहेबांनी विचारलं.

बेडरूम आहे म्हणून लाजत असतील, असं मी म्हणालो. आपण हुशार आहोत असं मला त्या काळात वाटत असे.

"पाहतो," साहेब म्हणाले. त्यांनी चपला काढल्या, आत गेले, मधल्या त्या काळ्या दगडावर रुमाल पसरला आणि आडवे झाले. हात अंगालगत. पाय जुळलेले. पाय नदीकडे.

आता जे झालं ते मी कसं सांगू? वावरातला आवाज कोणी तरी उपसून नेला. एका म्हातारीच्या हातून दह्याचं मडकं सुटलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो, ते फुटायचंही विसरलं. हवेतला टीव्ही पाहणारा म्हातारा उठून उभा राहिला. मग त्या दहीवाल्या म्हातारीनं पदर तोंडाला लावला आणि त्यातून म्हणाली, "उठा गा साहेब. उठा. तथी जित्ता माणूस निजत नाई."

"काहून माय?" साहेबांनी झोपल्या झोपल्या विचारलं.

ती मागे सरकली. तेव्हा गर्दीतून एक उंच, वाळलेला माणूस पुढे आला. त्याला सगळे आबाजी म्हणत. गावातली प्रत्येक तिरडी बांधायचा मान त्याचा. तो साहेबांच्या उशाशी उकिडवा बसला आणि, आता टेकलाच आहे तर सांगतो म्हणत, हळू आवाजात सांगायला लागला. हा दगड म्हणजे विसावा. गावातून मयत निघालं, की धुऱ्याधुऱ्यानं इथवर येतं. इथे तिरडी टेकवायची, पुढच्या खांद्यांनी मागे जायचं, मागच्यांनी पुढे, आणि मग नदी. त्याच्या आजाचा आजाही इथेच टेकवला होता. वावरं कोणाचीही असोत, पीक उभं असो की नसो, ही वाट कोणी कधी अडवली नाही, म्हणून ती कधी कोणत्या कागदावरही आली नाही.

माझ्या पायाखालची फक्की सरकली. "मी चार वेळा विचारलं होतं," मी म्हणालो. "सांगितलं काहून नाही?"

आबाजीनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मुक्या जनावराकडे पाहतात. "घरी मयत नसताना या वाटेचं नाव घेतलं, का ते बोलावणं होते बाप्पा. तू चार खेपा विचारलं. आमी चार जीव वाचवले."

आणि त्या दगडावर मी बेडरूम काढली होती. पलंगासकट.

साहेब उठायला लागले. आबाजीनं त्यांच्या छातीवर हात ठेवला आणि मान हलवली. विसाव्याला टेकलेला माणूस मागे फिरत नाही. तो पुढेच जातो. एकदा मागे गेला तर गावात ओळीनं मयतं होतात. यावर मोठी चर्चा झाली. कोणी म्हणालं लिंबू कापा, कोणी म्हणालं कोंबडं उतरवा, दोन बाया रडायलाच लागल्या. ही सगळी चर्चा साहेब खालून फार आस्थेनं ऐकत होते, जसं दुसऱ्याच कोणाबद्दल चाललं आहे.

"पुढं म्हणजे किती?" त्यांनी विचारलं.

"नदीपावतर."

"कोणी मोजलं आहे?"

"नाई."

"मंग न्या मले," साहेब म्हणाले. "वही काढ गा."

आमच्या मोजणीच्या दोन लांब लाल-पांढऱ्या काठ्या होत्या आणि फक्कीची रिकामी पोती होती. आबाजीनं त्यांची तिरडी बांधली. सगळ्या गाठी रीतीप्रमाणे मारल्या, एक सोडली. ती जित्त्याला मारत नाहीत म्हणे. चौघांनी खांदा दिला आणि आमचे मुख्य नियोजक, वय वर्षे बासष्ट, वजन एका सागवानी ओंडक्याएवढं, नदीकडे निघाले. मागे सगळं गाव. बाजूला मी, वही घेऊन घामाघूम.

"लिही," वरून आवाज आला. "चार खांदे, दोन्ही बाजूले एकेक माणूस. नऊ फूट." थोडं पुढे धुरा वळत होता. "थांबा. मागचे दोघं अडकले. काठीचं टोक बाभळीले लागलं. वळणावर बारा फूट. लिही." सुरुवातीला लोक दबकून चालत होते. मग एक जण म्हणाला, साहेब, अथी पावसाळ्यात चिखल राहते, दोन खांदे जास्त लागते. "लिही," साहेब म्हणाले. दुसरा म्हणाला, अथी बाया थांबते, पुढं येत नाई. "बायांले उभं राहायले जागा. सावली. लिही." हळूहळू प्रत्येकाला काही ना काही आठवायला लागलं. आपला बाप नेताना कुठे ठेच लागली, आई नेताना कुठे पाऊस आला. उभ्या विदर्भात इतकी बारीक मोजणी कोणी केली नसेल, आणि तीही उताण्यानं.

नेमकी तेव्हाच शेठची गाडी आली. सोबत मुंबईचे दोन पाहुणे होते, जागा दाखवायला आणलेले. गाडी थांबली. ड्रायव्हरनं टोपी काढून हात जोडले. शेठ उतरले, तिरडीवरचा चेहरा त्यांनी ओळखला, त्यांचा रंग फक्कीपेक्षा पांढरा झाला आणि त्यांनीही हात जोडले. त्याबरोबर साहेबांनी मान उचलली आणि म्हणाले, "शेठ, तीन नंबर हलवावा लागते."

दोन पाहुण्यांपैकी एक गाडीतच बसून राहिला. दुसरा फलाटाकडे पळाला आणि समोर उभी होती त्या गाडीत चढला. ती इटारसीकडे जाते.

कोणी तरी मोबाईलवर सगळं टिपलं होतं. साहेब नदीवर आंघोळ करून रुळाच्या कडेकडेनं ठेसनावर परत येईपर्यंत ते कामठीला पोचलं. साहेबांच्या घरी शेजारणी रडत शिरल्या. वहिनींनी विचारलं, आडवे होते का? हो म्हटल्यावर त्या पुन्हा तांदूळ निवडायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी शेठ लकडगंजच्या ऑफिसात आले. वर येण्याआधी त्यांनी खालची आरा मशीन बंद करायला लावली. ती शांतता मी त्या इमारतीत पहिल्यांदा ऐकली. खाली सागवानाच्या ओंडक्यांवर आबाजी आणि ती दहीवाली म्हातारी येऊन बसले होते. सकाळच्या पॅसेंजरनं आले होते. काही मागत नव्हते, नुसते बसले होते.

टेबलावर साहेबांचा नवा नकाशा होता. तीन नंबरचा टॉवर बाजूला सरकलेला, दगड जागच्या जागी, आणि गावापासून नदीपर्यंत, वसाहतीच्या मधोमध, बारा फुटांची वाट. दोन्ही टोकांना फाटक नाही. नकाशावर दोन सह्या लागत होत्या, एक साहेबांची, एक शेठची.

शेठनी नकाशा बराच वेळ पाहिला. ते ओरडले नाहीत, हे मला जास्त भीतीचं वाटलं. ते म्हणाले, लोक सकाळी चहा घेऊन बाल्कनीत बसतील आणि खालून मयत जाईल, कोण राहायला येईल? गावाची अडचण त्यांना समजत होती. त्यांनी वाट नाकारली नव्हती. रुळाच्या बाजूनं, कंपाउंडच्या भिंतीमागून ती न्यावी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. भिंत उंच बांधू, म्हणजे कोणाला दिसणार नाही.

"भिंतीमागून दोन किलोमीटरचा वळसा आहे," साहेब म्हणाले. "खांद्यावर. अन् विसावा आतच राहते."

"दगड उचलून बाहेर ठेवू."

"दगड उचलता येते, विसावा नाही," साहेब म्हणाले. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं. म्हणजे सही नाही. मी भुशानं भरलेल्या खिडकीकडे पाहत राहिलो. आता साहेब जाणार, नवा कोणी तरी येणार, तो माझ्या जुन्या, स्वच्छ नकाशावर सही करणार, आणि खाली ओंडक्यावर बसलेल्या दोघांना ते सांगायला मलाच पाठवणार, हे मला दिसत होतं.

मग साहेबांनी सहज विचारावं तसं विचारलं, "शेठ, तुमच्या बाबूजींले कोणत्या वाटेनं नेलं?"

शेठचे वडील पावसाळ्यात वारले होते. शेठ स्वतः बांधलेल्या टॉवरमध्ये नवव्या मजल्यावर राहत. आम्ही ऑफिसचे लोक गेलो तेव्हा सगळं खाली आवारात मांडलेलं होतं, फुलं, खुर्च्या, सगळं व्यवस्थित.

शेठ टेबलाकडे पाहत होते. "खाली रस्ता मोठा आहे," ते म्हणाले. "खाली काही तकलीफ नाही झाली."

"अन् वरून खाली?" साहेबांनी विचारलं.

"लिफ्ट चार बाय चारची आहे. मीच केली. बाबूजी आडवे मावले नाही. जिन्यातून पाहिलं, पण वळणावर फळी वळत नव्हती." शेठनी हातानं ते वळण दाखवलं. "मंग खुर्चीवर बसवलं. दुपट्ट्यानं बांधलं. मी समोर उभा होतो. मान राहत नव्हती, ती माझ्या खांद्यावर घेतली. सहाव्या मजल्यावर लिफ्ट थांबली. एक बाई आत आली, भाजीची पिशवी घेऊन. नवीन राहायले आली होती, ओळखत नव्हती. म्हणाली, काकांले बरं नाही का?"

"मंग?" हे मी विचारलं. का विचारलं, मला माहीत नाही.

"मी हो म्हटलं," शेठ म्हणाले. "ती म्हणाली, काळजी घ्या. सहा मजले ती त्यांच्याकडं पाहून हसत राहिली."

खाली कोणी तरी ओंडक्यावरून उठल्याचा आवाज आला, तोही वर ऐकू आला. साहेबांनी खिशातलं पेन काढलं आणि नकाशावर सही केली. मग पेन शेठपुढे ठेवलं.

शेठनी ते उचललं. सही करताना त्यांचा हात नकाशावरच्या वाटेवर टेकला होता आणि तळव्याला भुसा लागला. तो न झटकताच ते दारापर्यंत गेले, आणि तिथून वळले.

"साहेब, लिफ्टही लांब धरा. आठही टॉवरच्या."

साहेबांनी पेन्सिल घेतली. "बाबूजी किती उंच होते?"

"पाच फूट नऊ इंच."

साहेबांनी ते लिफ्टच्या चौकोनात लिहिलं, आणि मला म्हणाले, हे खोडू नको.